तिसऱ्या भाडेकरूचा शेवट

शनि. १० ऑक्टो. २०२०, आइंडहोवन
मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची पहिली तालीम, अर्थात संगणकाच्या पडद्यावरच. तो जुना ब्रिटिश भयपट मी मराठीत उतरवला आहे: एक घर, चार भाडेकरू, चौघांचे चार शेवट, आणि ते एका पोलिसाला ऐकवणारा घराचा दलाल. दलाल: आप्पा, माझे वडील, पुण्याहून. हा चित्रपट मला त्यांनीच फिल्म सोसायटीत दाखवला. "आधी कॅमेरा कुठे आहे ते बघ, मग घाबर." पोलिस: समीर, मंडळाचे अध्यक्ष. त्यांची सूचना, मधूनमधून विनोद पेरू, लोक कंटाळतात. कंटाळू देत.

शनि. १७ ऑक्टो.
आप्पांनी तिसरी गोष्ट चुकवली. चित्रपटात लहानगी मुलगी शांतपणे बापाचा जीव घेते. आप्पांच्या तोंडी: मुलगी मोठी झाली, परदेशी गेली, बाप रोज तिच्या खोलीत दिवा लावू लागला. मी तिथेच टोकले.
"आप्पा, असं नाहीये त्यात."
"नाहीये? मग मी काय पाहिलं?"
कुणीतरी हसले. समीरच.

रवि. १८ ऑक्टो.
चित्रपट पुन्हा पाहिला. दिवा नाही. कुठेच नाही.
निखिलला फोन. धाकटा भाऊ, आप्पांबरोबर राहतो, रोज पाहतो.
"ताई, उन्हाळ्यापासून असंच चाललंय. परवा मला दूधवाला समजले. तू तिकडे अडकलेली, सांगून काय करणार होतीस?"
काय करायचे ते मी ठरवले असते. दर रविवारी 'सगळं मजेत' म्हणून माझी बोळवण! विमाने बंद आहेत, माझे डोके नव्हे. फोन आपटला.

मंगळ. २७ ऑक्टो.
समीरने दलालाचा भाग स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पाठवला. न विचारता. "मेधाताई, काकांवर उगाच ताण नको. बॅकअप म्हणून असू दे." दोनदा ऐकला. शोधूनही चूक सापडली नाही. त्यामुळे संताप अधिकच.

गुरु. २९ ऑक्टो.
या संहितेतला एक स्वल्पविरामही मी कुणाला हलवू दिला नव्हता. आज अख्खा शेवट हलवला. मुलगी परदेशी, बाप, दिवा. आता आप्पा चुकूच शकणार नाहीत. निखिल त्यांना मोठ्या टायपात छापून देईल.
समीर: "पण ताई, मूळ सिनेमात..."
"तुम्ही पाहिलाय?"


शनि. ७ नोव्हें.
पहिल्या दोन गोष्टी बिनचूक. तिसरीला आप्पांनी कागद बाजूला सारला, चष्मा काढला आणि मूळ शेवट सांगितला. मुलगी, शेकोटी, बापाची किंकाळी. दृश्यामागून दृश्य, कॅमेरा कुठे आहे त्यासकट.
"मेधा, कागदावरचं हे कुणी बदललं?"
"मी."
"कशासाठी? दिवा काय, खोली काय! रडकं करून टाकलंस. हे शिकवलं होतं मी तुला?"
सर्वांदेखत. मंडळात आजवर माझ्या कामाला नावे ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती. तुम्हीच सांगितला होता हा दिवा, हे ओठांवर आले होते. गिळले. निखिलवर चिडून झाले, समीरवर चिडून झाले. आज कुणावर चिडावे?

शनि. १४ नोव्हें., लक्ष्मीपूजन
उद्या कार्यक्रम. सकाळी आप्पांचा फोन. फराळ, थंडी, मास्क, सगळे नीट बोलले. ठेवता ठेवता:
"त्या तिसऱ्या भाडेकरूचं शेवटी काय होतं गं?"
"उद्या तुम्हीच सांगायचंय, आप्पा."
"हो, हो. सांगतो की."
दुपारी समीर. ध्वनिमुद्रण लावायचे का, हे पुन्हा एकदा. नाही. मग म्हणे, "अहो, पण काका कुठला शेवट सांगणार? पोलिसाचं पुढचं वाक्य त्यावर आहे ना!"
"दोन्ही वाक्यं पाठ करा."
"दोन्ही?"
"दोन्ही. आणि तिसरंच काही बोलले, तर तेच बरोबर आहे असं समजून पुढे चला. अडखळायचं नाही."