निम्मी बाटली

अगं,

तू आंघोळीला गेलीस म्हणून लिहून जातोय. समोर बोललो असतो तर आधी माझीच चौकशी लागली असती.

आज अकराला पाणीपुरवठ्याच्या पंपवाल्याविरुद्धच्या अहवालावर सही करू नकोस. त्याने वहीत पाण्याचा पीएच सहा पॉइंट तीन लिहिला, तुझ्या प्रयोगशाळेत सात पॉइंट दोन आला, म्हणून तो खोटारडा ठरला. तो खरं बोलतोय. बोअरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, म्हणून ते आम्लधर्मी असतं. बाटली उघडी राहिली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि पाणी आपोआप सज्जन होतं. हे तूच मला शिकवलंस, लग्नाच्या पहिल्या वर्षी, सोडा पाजून.

रविवारी प्रयोगशाळा बंद, म्हणून तू नमुना आपल्या फ्रिजमध्ये ठेवलास. दुपारी झोपेतून उठून, चष्मा न लावता, मी तो निम्मा प्यालो. बाटली संध्याकाळपर्यंत ओट्यावर उघडी होती. मग गुपचूप झाकण लावून परत ठेवली.

नमुना घरी आणणं नियमात बसत नाही, ठाऊक आहे. तुझ्यावर ताशेरे ओढले जातील. पण त्याची नोकरी जातेय.

मी पंपावर चाललोय. तिथल्या तिथे ताज्या पाण्याचा पीएच मोजून घेतो आणि अकराच्या आत तुझ्या ऑफिसात येतो.

एकच विचारायचं होतं. सोमवारी तू उचललीस तेव्हा बाटली निम्मी होती. तू मला काहीच कसं विचारलं नाहीस?