साहेबाच्या कपाळाचं कुंकू

पहिली आली ती उंच बाई, बूट न काढता. मागून तिचा सोबती, हातात रिकामी पेटी. लायडन शहरातून आले, जुन्या वस्तू गोळा करतात म्हणे. आमच्या यजमानांनी तरुणपणी आणलेलं देवमाशाच्या कानाचं हाड पेटीत ठेवून बघितलं तर चपखल बसलं. आता सांगा, घरातून कोणी माप कळवल्याशिवाय? सूनबाई मीनल म्हणते, "आई, पेट्या तेवढ्याच असतात." पण त्या दिवशी नेमके ठेवणीतले कप निघाले! म्हणून हे लिहायला बसले.

मी द्वारका दामोदर तांडेल, मुलगा विश्वास याच्या घरी परदेशात राहते. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाच्या दडपणाशिवाय, चहा पिऊन, खुशीत लिहून ठेवते की :

बांगड्या मीनलला. संशय आहे म्हणून कमी देणार नाही.

विळी शेजारच्या प्रांजलीला. तशीही तिच्याकडेच आहे, विचारलं की "आजी, धार लावायला दिलीय."

हाड नात मृण्मयीला, आणि ते कोणीही धुवायचं नाही.

कारण असं. लग्नाआधी हे पार दक्षिणेला, बर्फाच्या बेटावर, देवमाशाची चरबी उकळायच्या कारखान्यात होते. तिथला साहेब जेवताना हसू देत नसे. हे हाड दिसतं माणसाच्या तोंडासारखं. गड्यांनी त्याला साहेबाच्या मिशा रंगवल्या नि जेवणाच्या टेबलावर मांडलं. नव्या गड्याने त्याची परवानगी घेऊन जेवायचं, अशी थट्टा. यांना वाटलं, बेटाचं दैवत. आईने दिलेली पुडी सोडली, कुंकू लावलं, पहिला घास पुढे ठेवला. सगळे हसून लोळले. मग शिकारीची बोट निघायच्या दिवशी तेच गडी, "आम्हालाही लाव," म्हणत कपाळं पुढे करून उभे. साहेबसुद्धा आला, असं हे सांगायचे. तेवढं मला खरं वाटत नाही.

उंच बाई म्हणते, लाल डाग पाण्याने निघेल. डाग! यांच्या बोटाचा ठसा आहे तो. यांचं असं घरात दुसरं काही उरलेलं नाही. विश्वास नुसता "बघू" म्हणाला. बघू म्हणजे मीनलला विचारून. मृण्मयीने मात्र ठशावर आपलं बोट धरलं, न टेकवता. म्हणाली, "आजोबाज फिंगर वॉज सो बिग!" तिला दिलं ते याचसाठी.

साक्षीदार, दोघेही शेजारचे : नरेंद्र, वाचून सही केली. उत्तरा, न वाचता केली, म्हणून समोर बसवून वाचून घेतलं.

सही : द्वारका दामोदर तांडेल
लायडस्खेनडाम-फोरबर्ग, बुधवार, १४ मे २०२५

नोटरीबाईकडे आज दुपारीच जायचं आहे. ती माणसं परत येतो म्हणालीत गुरुवारी, म्हणजे उद्याच.