एस्नार्टच्या ‘बरी आहे’ या उत्तराची नोंद रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
म्बावाला मिशन रुग्णालय, मलावी.

विषय : हृदयाची ताण चाचणी पुन्हा घेऊन पत्नीचे नाव शस्त्रक्रियेच्या यादीत घेणेबाबत.
संदर्भ : आपला दि. ९ जूनचा अहवाल, शेरा ‘रुग्णास त्रास नाही’.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय कळवितो की, माझी पत्नी एस्नार्ट, वय ३४, हिच्या हृदयाची महाधमनीकडील झडप अरुंद झाली आहे. श्रमाने त्रास होतो का, हे पाहण्यासाठी आपण तिला चालत्या पट्ट्यावर चालविले. त्रास दिसला तरच नवी झडप, हा आपला नियम मला मान्य आहे.

तक्रार प्रश्नाबद्दल आहे. सिस्टरबाईंनी दर दोन मिनिटांनी “मुली ब्वांजी, कशा आहात?” असे विचारले. एस्नार्टने तिन्ही वेळा “बरी आहे, आपण कशा?” असे उत्तर दिले. आपल्याकडे खुशालीला दुसरे उत्तर नसते, हे आपणही जाणता. घरी मी रागावलो, तर म्हणते, “अहो, एवढ्या मोठ्या बाई विचारपूस करतात, आणि मी काय रडगाणं गाऊ? बरं दिसतं का ते?”

पुढे डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा तिने चप्पल निसटते असे सांगून पट्टा थांबवून घेतला. अहवालात तसेच नमूद आहे : ‘चप्पल सैल, चाचणी अपूर्ण.’ त्यावर मी तिला घट्ट बूट आणून दिले आहेत. आता ती अडचण उरलेली नाही.

तरी चाचणी पुन्हा घ्यावी, आणि त्या वेळी तिला कोणीही खुशाली विचारू नये. ओठांचा रंग पाहावा. शल्यविशारदांचे पथक जुलैत येते व यादी या शुक्रवारी बंद होते. महोदय, मला फार भीती वाटते.

यंत्र मोकळे नसल्यास कोणास तरी आमच्या गावी पाठवावे. बोअरवेलपासून आमचे घर चारशे पावलांवर आहे. एस्नार्टला वाटेत टेकता यावे म्हणून शेजारणींनी तीन दगड मांडले आहेत. तिला काही न विचारताच मांडले. ती आता रिकाम्या हातांनी येते, पाणी त्याच आणतात. परवा त्यांनी चौथा दगड मांडला. तो आमच्या दारापासून सात पावलांवर आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
डायसन म्कवेझालाम्बा
शिक्षक, चिसिता प्राथमिक शाळा
दि. १९ जून