डावीकडचा देवमासा

१२ मे

पहिला ओरखडा! गाडी हातात येऊन पाच मिनिटं झाली नाहीत, तोवर भाड्याच्या गाड्यांच्या फाटकातून बाहेर पडतानाच दादाने डावा आरसा खांबाला घासला. उतरून बघितलं, रुमालाने पुसलं — जणू पुसून जाणार होतं! इथल्या गाड्या रुंद असतात म्हणे.

मला हसू आवरेना. याच्या ड्रायव्हिंग स्कूलमधून आमचं निम्मं गाव गाडी शिकलं. माझं लायसनही त्यानेच काढून दिलं आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. तुझं कात्री-कापड बरं, म्हणतो. या गाडीच्या कागदांवर चालक म्हणून माझंही नाव आहे, पण नावापुरतंच.

माझ्या पन्नाशीची भेट म्हणून दादाने देवमासे दाखवायला परदेशात आणलंय. शाळेत असल्यापासून वेड आहे मला. आई-बाबांमागे त्यानेच मला वाढवलं. त्याचं लग्न राहून गेलं, माझं झालं ते टिकलं नाही. आता घरात दोघंच, रोज भांडायला पुरेसे.

१३ मे

दिवसभर जीव मुठीत धरून बसले होते. अरुंद रस्ता, कडेची झुडपं माझ्या काचेवर सटासट आपटत होती. दादा, जरा उजवीकडे घे. तू नकाशा बघ. एवढंच आमचं संभाषण.

इथे रस्त्याची बाजू आपल्यासारखीच आहे. मग याला जड का जावं?

संध्याकाळी हॉटेलात आणखी गंमत. दादा बॅग घेऊन पुढे गेला आणि खालच्याच मजल्यावर एका दाराला किल्ली लावून झटापट करत बसला. आतून एक आजोबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले! दोघांनीही एकमेकांची माफी मागितली. खोली चौदाच दिलीय, असं म्हणत दादाने किल्लीचा बिल्ला माझ्यापुढे धरला. मी वाचला — दोनशे चौदा. त्याने मान वळवून पुन्हा बघितलं. प्रवासाचा शीण, म्हणाला.

जेवणात अर्ध्या ताटातलं जेवला, अर्धं तसंच. भूक नाही का, विचारलं तर म्हणाला, सगळं तर संपवलं.

१४ मे

एक सायकलवाला थोडक्यात वाचला. मी किंचाळले म्हणून. दादाला तो दिसलाच नव्हता.

१५ मे, दुपार

बंदरावरच्या कॅफेत बसून लिहितेय. दादा समोरच्या कठड्यावर पाठ करून बसलाय.

बोट सकाळी निघाली. थंडी मरणाची. आम्ही अगदी पुढे कठड्याशी उभे. बराच वेळ नुसतं पाणी. मग बोटीवरची बाई भोंग्यातून म्हणाली, डावीकडे! सगळी माणसं डावीकडे लोटली. आणि तो वर आला — आधी फवारा, मग काळी पाठ, संपतच नव्हती ती पाठ! इतका जवळ की त्याच्या श्वासाचा वास आला, कुजक्या मासळीचा.

दादा सरळ समोर बघत होता. कुठे? कुठे? शेजारची दोन माणसं बोटाने दाखवत होती, तरी कुठे म्हणून विचारत होता. मान थोडी वळवायचा, पुन्हा समोर. शेवटी मी त्याची हनुवटी धरून तोंड फिरवलं. तेव्हा दचकलाच. लांबून येताना दिसलेलं नाही, एकदम समोर उगवलेलं काहीतरी बघितल्यासारखा.

आरसा, झुडपं, बिल्ला, ताट. सायकलवाला.

मी मागे सरले. त्याच्या डाव्या कानापाशी तळहात धरला आणि हळूहळू पुढे आणला. नाकासमोर आला तेव्हा तो म्हणाला, हे काय चाललंय?

शेपटी उडाली म्हणे तेव्हा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बघितलीच नाही.

किनाऱ्यावर उतरल्यावर गाडीची किल्ली मागितली. त्याने दिली नाही. चिडला. म्हणाला, "चाळीस वर्षं लोकांना शिकवतोय. आता तू मला शिकवणार?"

मी म्हटलं, "दादा, माझी बाजू तुला दिसत नाहीये."

त्याला वाटलं मी भांडतेय. मग पुन्हा सांगितलं, सावकाश, तो आरशापासूनचा सगळा हिशोब. ऐकता ऐकता त्याने स्वतःच एक हात डावीकडे लांब केला आणि बोटं हलवली. बराच वेळ हलवत होता.

मग किल्ली टेबलावर ठेवली आणि कठड्यावर जाऊन बसला.

१५ मे, संध्याकाळ

हॉस्पिटलपर्यंत मी गाडी आणली. मी! तळवे घामाने ओले, खांदे कानाला लागलेले. दादा सूचना देत होता — आरसा, ब्रेक हळू, अंतर ठेव. त्याचा उजवा पाय रिकाम्या जागेत ब्रेक दाबत होता. एका वळणावर म्हणाला, माझ्या बाजूचं तूच बघ.

तपासण्या चालू आहेत. बाकावर वाट बघताना त्याने विचारलं, "तो सायकलवाला कसा होता?"

पिवळं जाकीट होतं, म्हटलं. तरुण होता.

"मला पिवळं काहीच दिसलं नाही गं," म्हणाला. आणि रडला. दादाला रडताना मी आई गेली तेव्हाही बघितलं नव्हतं.

१६ मे

मेंदूत मागच्या बाजूला रक्ताची गुठळी. काही आठवड्यांपूर्वीची असावी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डोळे उत्तम, पण डावीकडचं चित्र मेंदूत उमटतच नाही. तिथे अंधारही दिसत नाही, म्हणून माणसाला कळतच नाही. नजर परत येईल असं सांगता येत नाही. दुसरा झटका येऊ नये म्हणून औषधं. गाडी बंद.

दादाने विचारलं, शेजारी बसून शिकवता तरी येईल का? बाईंनी नाही म्हणून मान हलवली. त्याने शर्टाची बटणं लावायला घेतली. डाव्या बाहीचं राहिलं. मी लावलं.

१७ मे

त्याला घरी सोडतील का, विमानात बसू देतील का, हेच दिवसभर. शेवटी परवानगी मिळाली, थोडे दिवस थांबून. पलंगावर बसून तो भिंतीकडे बघत होता. मी म्हटलं, माझं शिवणाचं दुकान आहे, दोघांना पुरेल. म्हणाला, मला काजं करता येत नाहीत. म्हटलं, शीक. थोडंसं हसला बहुतेक.

१९ मे

आज दादाला सोडलं; डोंगर उतरून विमानतळाच्या गावी परत आलो. वळणंच वळणं, खाली समुद्र, मागून ट्रक. चाळीस वर्षांत दुसऱ्याच्या हाती गाडी असताना दादाने कधी डोळा मिटला नव्हता.

आज अर्ध्या उतारावर बघते तर शेजारी घोरत होता.