वेदीला लोखंड नको

जेरुसलेम, रविवार, १ फेब्रुवारी १९५३

शस्त्रक्रियेला नाही म्हणाली! डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, परवा कॉफी पेल्याऐवजी स्वतःच्या मांडीवर ओतली — तरी माझ्या बायकोचं, रुमियाचं, एकच, "डोळ्याला लोखंड लावू देणार नाही." रागानं घरापर्यंत एक शब्द बोललो नाही. हात मात्र धरूनच आणलं, काय करणार.

खूळ आजचं नाही. देवाची आज्ञा आहे, वेदीच्या दगडाला लोखंड लावू नका. वेदी आयुष्य वाढवते, लोखंड ते तोडतं. जेवणाचं मेज म्हणजे घरातली वेदी, म्हणून जेवणानंतरच्या प्रार्थनेआधी सुरी झाकायची. तिकडे येमेनात, सनामध्ये, तिची आई झाकायची, इथे ही झाकते. आता दिसत नाही, तर चाचपडून झाकते आणि बोट कापून घेते!

मंगळवार, ३ फेब्रुवारी

म्हटलं, "अगं, मी चांदीकाम करतो, पण हातोडी लोखंडाचीच ना? तिनंच जेवू घातलं तुला."

"ती बसते का आपल्या पंक्तीला?"

हातोडी उचलली आणि कामाला लागलो.

रविवार, ८ फेब्रुवारी

काल शब्बाथला सभास्थानात धर्मग्रंथाच्या वाचनात नेमकं तेच आलं — वेदीला लोखंड नको! बायकांच्या खोलीतून रुमिया मोठ्यानं खाकरली. मला ऐकवायलाच.

बाहेर पडल्यावर आमचे रब्बी सादिया समजूत घालायला आले. "रुमिया, तुबल-काईन पहिला लोहार. लोखंडाची हत्यारं त्यानं केली, पण तोच आंधळ्या बापाला हात धरून न्यायचा म्हणतात."

"न्यायचा ना? बापाचे डोळे त्याच्या लोखंडानं कुठे बरे केले?"

रब्बी माझ्याकडे बघायला लागले. मी आभाळाकडे.

सोमवार, ९ फेब्रुवारी

सुचलं! देवानं बसालेल कारागिराला नाव घेऊन बोलावलं, पवित्र मंडप उभारायला. कला दिली सोन्याची, चांदीची, तांब्याची. लोखंडाची नाही! म्हणजे चांदी चालेल. भट्टी पेटवलीच.

बुधवार, ११ फेब्रुवारी

चांदीचं पातं केलं, गव्हाच्या लोंबीएवढं. असं नाजूक काम मी नववधूंच्या दागिन्यांतही केलं नाही. इस्पितळात नेऊन डॉक्टरीणबाईंसमोर ठेवलं. त्या हसल्या नाहीत. नखावर धार पाहिली आणि हळूच म्हणाल्या, "यानं लोणीसुद्धा कापलं जायचं नाही हो, फाटेल."

माझी मान खाली. मग सगळं सांगून टाकलं — वेदी, मेज, झाकलेली सुरी. "व्हिएन्नात माझी आजीही सुरी झाकायची," बाई म्हणाल्या. "घेऊन या त्यांना."

रविवार, १५ फेब्रुवारी

नेलं. बाईंनी स्वतःच्या हातानं हत्यारांवर पांढरं फडकं घातलं. रुमियाला म्हणाल्या, "आजी, तुमची प्रार्थना होईपर्यंत हे झाकलेलं राहील. सावकाश करा."

रुमियानं हात पुढे करून फडकं चाचपलं, चारी कोपरे. मग प्रार्थना केली. इतकी लांब की परिचारिका घड्याळ बघायला लागली. शेवटी म्हणाली, "झालं. आता काढा फडकं. आणि यांना बाहेर घालवा, हे रडतील."

रडलो. बाहेर.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

एका डोळ्याचं झालं. दोन्हींवर पट्ट्या, मान हलवायची नाही. मी चमच्यानं भरवतो. "मीठ विसरलात," म्हणते. इस्पितळाचं जेवण, मी कुठलं मीठ घालणार! तिला काही झालं तर मी कुणाशी भांडू? फार प्रेम आहे माझं हिच्यावर. तिला कधी म्हटलं नाही.

बुधवार, २५ फेब्रुवारी

पट्टी निघाली. दिसतंय! रुमियानं मला खिडकीकडे वळवलं, हनुवटी धरून बराच वेळ बघितलं. मग बाईंना म्हणाली, "यांच्याही डोळ्यांत पांढरं आहे. कसं मेलं कुणाला कळलं नाही? यांचंही करा."

मंगळवारी माझी पाळी.

देवा, मला लोखंडाची भीती वाटते.