उसवलं तर शिवून मिळेल

६ जानेवारी, सोमवार
मिळालं! कंपनीच्या मुलुंडच्या दुकानात एक टेबल, एक शिलाई मशीन आणि एक टेलर. गिऱ्हाइकांचे फाटके कपडे शिवून द्यायला, तीन महिन्यांसाठी. पर्यावरण विभागात आल्यापासून मी हेच घोकतेय – ट्रॅकसूट बनवतानाच सगळ्यात जास्त पाणी, वीज आणि रंग जातो. तोच जास्त टिकला तर दुसरा बनवायला नको. सेल्सचा हर्षद भर मीटिंगमध्ये म्हणाला, "अगं स्वरदा, आपण कपडे विकतो ना? जुनेच शिवून दिले तर नवे घेणार कोण?" मानसी मॅडम म्हणाल्या, "बघू. नाही चाललं तर बंद." त्या मालकीणच, त्यांच्यापुढे कोण बोलणार!

१४ जानेवारी
कुत्रंही फिरकत नाही. टेलर धोंडिराम नुसते मशीनला तेल घालत बसलेत. हर्षदचा मेसेज – "काय गं, क्रांती कुठवर आली?" दुष्ट!

१८ जानेवारी, शनिवार
बाबांना दुकानात पिटाळलं. आई गेल्यापासून सकाळचा फेरफटका सोडला तर ते घराबाहेर पडत नाहीत. म्हटलं, तुमची गुडघ्यावर फाटलेली ट्रॅकपँट तरी शिवून आणा. आले ते तावातावाने. "तिथे लोकांशी बोलायला माणूसच नाही! टेबल एका कोपऱ्यात, पाटी दाराआड. कळणार कसं?" सगळी नोकरी विमा कंपनीच्या काउंटरवर गेली त्यांची. उद्यापासून स्वतःच बसणार म्हणे. मी हसले. ते नाही हसले.

२ फेब्रुवारी
झकास! टेबल दाराशी, बाबा टेबलाशी, रांग फुटपाथपर्यंत. फेरफटक्याचे सगळे मित्र ओढून आणलेत. एक जयंतीबाई थेट घाटकोपरहून आल्या – शाळेत खेळ शिकवायच्या, आता निवृत्त. त्याच शाळेतल्या खो-खोच्या मुलींच्या जर्सी घेऊन आल्या होत्या. बाबांनी जर्सीवरचा आकडा उलटा टाचला, तर डाफरल्या, "अहो नंदकुमार, सहाचा नऊ केलात की तुम्ही!" बाबा चक्क सॉरी म्हणाले. बाबा!

२३ फेब्रुवारी
जयंतीबाई आता रोज येतात. कपडे नसले तरी. दोघं भांडतात आणि मग चहा पितात. बाबांनी नवा शर्ट काढलाय.

३ एप्रिल, गुरुवार
आज तीन महिन्यांच्या टेबलाचा निकाल. ट्रॅकपँटची विक्री मुलुंडला खरंच कमी झालीय – मी लपवलं नाही, अहवालाच्या पहिल्याच पानावर टाकलं. हर्षदच्या तोंडाकडे बघवेना. पण तोच म्हणाला, "शूज मात्र जास्त गेलेत. शिवायला आलेला माणूस रिकाम्या हाताने जात नाही यार." मॅडमनी आकडे पुन्हा चाळले. मग म्हणाल्या, "ट्रॅकपँट कमी खपणार असतील तर कमीच बनवू ना. पुढच्या हंगामाची ऑर्डर कापा. आणि बोरिवलीला टेबल लावा."
ऑर्डर कापा! आमच्या कंपनीने पहिल्यांदाच काहीतरी न बनवायचं ठरवलं. खाली उतरल्यावर हर्षदने वडापाव खाऊ घातला. "जिंकलीस," म्हणाला. कसलं गोड वाटलं!

५ एप्रिल
सकाळी चहा गाळता गाळता बाबा म्हणाले, "मी आणि जयंती लग्न करतोय. मी तिच्याकडे राहायला जाईन, घाटकोपरला." विचारत नव्हते, सांगत होते. मी किंचाळले, मिठी मारली, दोघंही रडलो, मग हसत सुटलो. इतकं हसताना त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ते आंघोळीला गेले, तेव्हा लक्षात आलं – या घरात आता मी एकटी राहणार.