चुन्याखालची रेघ

आई, आपल्या पुढच्या सोप्याच्या भिंतीबद्दल तुझ्याशी बोलायचं राहून गेलंय. तू जाऊन इतकी वर्षं झाली की माझे केस तुझ्या शेवटच्या दिवसांतल्या केसांपेक्षा पांढरे झालेत, आणि तरी भांडायचं झालं की मला अजून तूच लागतेस. ह्या विषयावर दुसऱ्या कुणाशी बोलायची सोय उरलेली नाही. दादा माझ्याशी बोलत नाही. वहिनीचं सांगते, पण आधी भिंतीचं.

मी नववीत होते. पूर ओसरल्यावर शाळेच्या माळावरनं आपण घरी आलो, तेव्हा सोप्यात पोटरीभर गाळ होता, धान्याची कणगी उलटी पडलेली, आणि भिंतीवर दिव्याच्या देवळीच्या वर एक पिवळट रेघ. कुणी दोरी धरून ओढावी तशी सरळ. तू कणगीकडं बघितलं नाहीस, भांड्यांकडं बघितलं नाहीस. तू त्या रेघेकडं बघत राहिलीस, कारण दादाचं लग्न ठरवायचं होतं आणि पाण्यातल्या घरात कोण पोरगी देत नाही. आधी काथ्यानं घासलीस. मग घमेल्यात चुना भिजवलास, त्यात नीळ घातलीस, आणि शिडीवर चढलीस. मी खालनं बादली देतेय. एक हात वाळला की रेघ परत वर येते, चहाचा डाग यावा तशी, आणि तू तोंडातल्या तोंडात शिव्या देत पुन्हा ब्रश बुडवतेस. शेजारणी दारात उभ्या राहून बघत होत्या. संध्याकाळी त्यातलीच एक उरलेला चुना मागायला आली. दिवाळीपर्यंत अख्खी गल्ली पांढरीफेक. पुढं ती रीतच पडली: पूर गेला की आधी गाळ काढायचा आणि मग चुना.

वहिनीचे वडील घर बघायला आले ते सीमेकडच्या माळावरनं. त्यांच्याकडं उन्हाळ्यात टँकर यायचा, तेव्हा नदी इतकी जवळ म्हणून म्हातारा खूश. तरी जुना माणूस, भिंतीवर तळवा ठेवून त्यानं विचारलंच, "पाणी येतंय काय वो हितवर?" तू पदर सावरत म्हणालीस, "नदी खाली ऱ्हाती पावणं. आमी वर." मी पोह्यांच्या ताटल्या घेऊन उभी होते. माझं तोंड उघडलं असणार, कारण तू माझ्याकडं न बघताच म्हणालीस, "जा, च्या उतू चाललाय बघ." चूल पेटलेलीसुद्धा नव्हती. आत आल्यावर तू माझी वेणी धरलीस आणि म्हणालीस, "खरं बोलून सून येत न्हाई घरात. तुला काय, तू जाणार हाईस." मला तुझा तेव्हा इतका राग आला होता की मी दोन दिवस तुझ्या हातचं जेवले नाही. आणि माझ्या वेळी तू काय केलंस? कागलला माळावरचं स्थळ आलं, तरी तू त्यांच्या सोप्यात बसल्या बसल्या नखानं भिंत खरवडून बघितलीस. चुन्याखाली काही नाही याची खात्री झाली, मगच सुपारी फुटली.

वहिनीनं आपल्या घरातला पहिला पूर बघितला तेव्हा पोरगं तिच्या कडेवर होतं. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ती तुझ्याकडं बघत होती. आता ही बोलणार, आता हिचा बाप येऊन तमाशा करणार, असं मला वाटत होतं. काही झालं नाही. पाणी गेलं, गाळ निघाला, आणि ती तुला म्हणाली, "आत्याबाई, चुना कुठं ठिवलाय?" त्या दिवसापासनं तुझं तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त प्रेम होतं. मला ते दिसत होतं. मला त्याचा त्रासही व्हायचा, आज सांगते.

आता इकडचं सांगते. जिल्ह्यात पुरासाठी एक मशीन आलं, कृत्रिम बुद्धिमत्तेचं. मशीन म्हणजे लोखंडाचं काही नाही, संगणकातलंच. धरणाचा विसर्ग, घाटातला पाऊस, नदीची पातळी, असं सगळं बघून ते आधीच सांगतं की पाणी कुठल्या गल्लीत कधी शिरणार. मग त्या गल्लीतल्या लोकांना मोबाईलवर मेसेज जातो, जनावरांना गाड्या येतात, बोटी येतात. मोबाईलवरच्या नकाशात अशी गल्ली लाल दिसते आणि कोरडी राहणारी हिरवी; आजूबाजूच्या काही गावांचा नकाशा आधीच आला होता. पण त्याला आधी शिकवावं लागतं, की मागं कुठल्या घरात किती पाणी आलं होतं. पंचनाम्यांच्या कागदांवर गावाचं नाव असतं, भिंतीची उंची नसते. म्हणून घरोघरी जाऊन पुराच्या खुणा मोजायच्या. हे काम कुणाला? आम्हाला, प्राथमिक शिक्षकांना. जनगणना आम्ही, मतदार याद्या आम्ही, आता पुराच्या रेघाही आम्हीच. प्रशिक्षणात साहेब म्हणाले, "तुम्ही मागचं खरं सांगाल तेवढंच ते पुढचं खरं सांगेल." मला माहेरचंच गाव मिळालं. माहितीतलं म्हणून मुद्दाम दिलं होतं.

आपल्या गल्लीत मी टेप घेऊन शिरले आणि प्रत्येक दारात एकच उत्तर. "आमच्यात कुठलं पाणी येतंय बाई? खालच्या गल्लीत येतंय." ज्यांना मी लहानपणी पत्र्यावर बसलेलं बघितलंय त्या बायका मला हे सांगतात, तेही माझ्या डोळ्यांत बघून. भिंती कोऱ्या. मोजणीच्या ॲपमध्ये घरातले सांगतील तेच भरायचं, म्हणून घरामागनं घर शून्य भरत मी आपल्या दारात आले. वहिनी सोप्यात ब्रश घेऊनच उभी होती. चुना जाऊन डिस्टेंपर आलंय, एवढाच फरक. म्हणाली, "वन्सं, शून्य लिवा. पोराचं ठरत आलंय. आता पावणं भित्त बघत न्हाईत, आधी मोबाईलवर गल्लीचा रंग बघत्यात. हिरवी असली तरच घरात येत्यात." मी म्हटलं, तुम्ही स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होता की. तर म्हणाली, "व्हय, हुतो. तुमच्या आईनी मला आणली तशीच मी बी एक आणणार. मग तिचं ती बघंल." दादा आतनं ऐकत होता, बाहेर आला नाही. मी मात्र हट्टानं देवळीच्या वर टेप लावला आणि खरी उंची भरली. ते माझंही घर होतं, तिथं मला कुणाला विचारायची गरज नव्हती. वहिनी त्या दिवशी मला चहा घ्या म्हणाली नाही.

पुढं आपल्या गावाचा नकाशा आला तर गल्ली हिरवीगार. मी साहेबांना जाऊन विचारलं. ते चांगले होते, समजावून सांगितलं त्यांनी. आजूबाजूची सगळी घरं शून्य सांगतायत आणि मधलंच एक घर छातीच्या वर पाणी सांगतंय, तर मशीन ती मोजणाऱ्याची चूक समजतं आणि आपोआप बाजूला काढतं. मी म्हटलं, साहेब, चूक नाही, ते माझं माहेर आहे. लेखी द्या, वर पाठवतो, म्हणाले. मी लेखी दिलं. ते वर पोचेपर्यंत पावसाळा आला.

आणि आई, मशीन खोटं नव्हतं ग. खालच्या गल्लीला आदल्या दिवशीच मेसेज गेला. गाड्या आल्या, माणसं माळावर, म्हसरं माळावर, एक कोंबडीसुद्धा दगावली नाही. आपल्या गल्लीला काहीच आलं नाही. सकाळी मी कागलहून वहिनीला फोन केला. दादा दूध घालायला गेला तो रस्ता बंद झाल्यानं पलीकडंच अडकला होता, पोरगा कारखान्यात कामावर. मी म्हटलं, वहिनी, निघा. ती म्हणते, "आपली गल्ली हिरवी हाय की. बघा मोबाईल." मी ओरडले, अहो हिरवी कुणी केली? तुम्हीच ना? ती मग म्हणाली, "ते व्हय वो. पर एवढं मोठं मशीन हाय, त्येला आपल्यापरास जास्त कळत असंल की. म्हसरं टाकून कुठं जाऊ? मेसेज आला की निघतो." आपणच सांगितलेली थाप मोबाईलवर रंगीत होऊन परत आली, आणि गल्लीतल्या प्रत्येकानं तिच्यावर विश्वास ठेवला. मी परत फोन लावला तेव्हा रेंज गेली होती.

ती गोठ्यात सापडली. दोन म्हशींची दावी कापलेली होती, त्या पोहत जाऊन शेजारच्या गावच्या शाळेच्या मैदानात उभ्या होत्या. तिसरीच्या दाव्यात वहिनीचा हात अडकला होता, आणि विळा खाली गाळात पडला होता. मी तिला आंघोळ घातली. नखांत अजून डिस्टेंपर होतं.

ह्या खेपेला गल्लीत कुणी चुना लावला नाही. परत मोजणी झाली, दुसऱ्या शाळेचे गुरुजी आले, आणि सगळ्यांनी आपण होऊन रेघा दाखवल्या. आता गल्ली नकाशावर लाल आहे. पुढच्या वेळी मेसेज येईल, गाड्या येतील, कुणी मरणार नाही, असं साहेब म्हणतात आणि मला ते पटतं. तुझ्या नातवाचं ठरत आलेलं मोडलं. मुलीकडच्यांनी नुसता फोन केला, कारणही सांगितलं नाही. दादाचं म्हणणं, तुला ठाऊक होतं तर तू येऊन तिला ओढून का नेलं नाहीस. त्याला काय उत्तर देऊ? पाणी तेव्हा हायवेवरही आलं होतं, हे त्यालाही ठाऊक आहे. मला तुझ्यावर राग काढायचा होता, म्हणून हे लिहायला बसले. पहिला चुना तू लावलास, सून तू आणलीस, आणि ती त्याच भिंतीपायी गेली. हे तुझ्या फोटोमागं ठेवावं म्हटलं, पण फोटो दादाच्या घरात आहे आणि मला तिथं जायचं तोंड नाही. इथंच कपाटात राहील.

पण अजून एक सांगायचंय, ते सांगितल्याशिवाय तुला काही बोलायचा मला अधिकार नाही. गेल्या आठवड्यात तुझ्या नातीला, माझ्या लेकीला, स्थळ आलं. मुलगा शिक्षक, माणसं साधी, घर नदीकाठच्या गावात. मुलाच्या वडिलांनी पहिल्याच फोनवर, मी न विचारता सांगितलं, "बाई, आमच्यात पाणी येतंय. रेघ भित्तीवर हाय, आमी पुसल्याली न्हाई. तुमी येऊन बघा." नववीत असल्यापासनं मला असा माणूस भेटायला हवा होता. मी म्हटलं, कळवते. दुसऱ्या दिवशी कळवलं, पत्रिका जुळत नाही म्हणून. पत्रिका मी बघितलीसुद्धा नव्हती.